‘ग्लूटेन-फ्री’च्या पाकिटात गहू निघाला

वाशीम, यवतमाळ, अकोला या पट्ट्यात सध्या एक ‘ग्लूटेन-फ्री मल्टिग्रेन आटा’ गावोगाव फिरून विकला जातो आहे. पाकीट हिरवं, वर ज्वारीचं कणीस, कोपऱ्यात फुली मारलेली गव्हाची ओंबी. ग्लूटेन म्हणजे गहू, जव अशा धान्यांतलं चिकट प्रथिन, आणि ते खाल्लं की आतड्याला इजा होते तो आजार सिलिॲक. घरात सिलिॲकचा पेशंट असेल तर हे पूर्ण वाचा. नसेल तर ज्यांच्या घरी आहे त्यांना पाठवा.

आमचं गाव कारंजा तालुक्यात. माझं किराणा दुकान आहे. सिलिॲक माझ्या बायकोला आहे. लग्न झालं तेव्हापासून तिचं रक्त वाढत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, हिमोग्लोबिन जागचं हलेना. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला लावली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून बायोप्सी केली, तेव्हा उलगडा झाला. (कोणाला हा आजार असल्याची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. सोडला की आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो.) यावर औषध नाही. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) जन्मभर बंद, हाच इलाज.

लोक म्हणतात, तुम्हाला काय, तुमच्याकडं ज्वारीच ज्वारी! ज्वारी आहे हो, पण गावात चक्की एकच. आधीच्या माणसाचा गहू उतरला की त्याच पाट्यांवर आपली ज्वारी पडते, आणि पहिल्या दोन-तीन किलोंत त्याचं पीठ आपल्या डब्यात येतं. आपल्याकडच्या बांधणीच्या, म्हणजे पीठ मिसळून केलेल्या, हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, तो वरणाच्या फोडणीतून पोटात जातो. म्हणून आम्ही घरघंटी घेतली. तवा, चाळणी, परात, सगळं तिचं वेगळं. तरी पंगतीत कोणी ना कोणी म्हणतंच, ‘एवढ्याशानं काय होते, बाप्पा?’ त्यांना कोण समजावणार. भारतात ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. कणकेत साधारण 10 टक्के ग्लूटेन धरलं तर किलोभर पिठात चिमूटभर कणीकही जास्त होते. आणि आमच्या हिला त्या चिमटीचाही त्रास होतो: रात्रीतून जुलाब, दुसऱ्या दिवशी तोंड आलेलं, पुढचा आठवडा अंगात त्राण नाही.

असा हा संसार. पोळ्याच्या आधी एक पोरगा मोटरसायकलवर दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर बॅग, बोलणं एकदम गोड. शेजारच्या गावात कोणाकडून तरी त्याला आमच्या घरचं कळलं होतं. त्यानं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि दुकानदाराशी बोलावं तसा माझ्याशी मार्जिनचं बोलला, पण नजर आत, बायकोकडं. ‘वहिनी, भाकर थापायचं कामच नाही. कणकीसारखी लाटते, तुटत नाही. पोळ्याला पुरणाची पोळी करा तुमी.’

ज्यानं वर्षानुवर्षं पुरणपोळी दुरून पाहिली आहे त्याला हे वाक्य कसं लागतं, ते त्या पोराला बरोबर माहीत होतं. सणाच्या आधी येण्यामागं हिशोब होता.

बायकोनं विचारलं, ‘काऊन हो, ज्वारीला चिकटपणा कुठून आला?’ उत्तर तयार होतं: इसबगोल टाकला आहे. हे उत्तर खोटं वाटत नाही, कारण खरोखर चांगल्या ग्लूटेन-फ्री पिठात इसबगोल घालतात. मी रिपोर्ट मागितला. त्यानं लगेच व्हॉट्सॲपवर पाठवला: प्रयोगशाळेचा शिक्का, सही, सगळं रीतसर. किलोचे 260 रुपये. खुल्या बाजारात ज्वारी काय भावानं आहे ते मला रोज दिसतं, पण अशा रोग्याचं खाणं सगळीकडं महागच मिळतं. पाच किलो घेतले. पैसे फोनवर पाठवले तर समोर कंपनीऐवजी कोण्या माणसाचं नाव आलं. बिल कच्चं, पॅडवर लिहिलेलं.

पोळ्याला पुरणाची पोळी झाली, सुंदर झाली. मऊ, पातळ, कुठं फाटली नाही. रात्री दहाच्या आत तिचं पोट बिघडलं आणि पुढचे चार दिवस सलाइनवर गेले.

घरात सगळ्यांनी पुरण, गूळ, तूप यांवर बोट ठेवलं. आई म्हणाली, डाळच जड झाली असन. पिठावर पहिला संशय बायकोचाच. तिनं उरलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा भिजवला, अर्धा तास झाकून ठेवला आणि वाडग्यात पाण्याच्या बारीक धारेखाली चुरत बसली. शेजारी घरच्या ज्वारीचा गोळा. ज्वारीचा गोळा दोन मिनिटांत विरघळून गेला, हातात काही उरलं नाही. इसबगोल असता तर बुळबुळीत होऊन बोटांतून निसटला असता. पाकिटातल्या पिठाचं पांढरं पाणी निघत गेलं, निघत गेलं, आणि मुठीत राहिला पिवळसर करडा लगदा. ओढला की लांब होई, सोडला की आखडे. लहानपणी शेतात ओंबीतले गहू चावून चावून आम्ही चिंगम करायचो, तेच हे. अख्खं ग्लूटेन.

इथं एक सांगून ठेवतो. या धुण्यात सापडतो तो दांडगा भेसळीचा गहू. चिमूटभर मिसळला असेल तर डोळ्याला काहीच दिसत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. तेव्हा गोळा विरघळला म्हणजे पीठ चांगलं, असं समजू नका.

मग रिपोर्ट नीट उघडून वाचला. नमुन्याच्या जागी ‘ज्वारी, अख्खे दाणे’. पिठाचं नाव नाही, बॅच नंबर नाही. तपासलेल्या गोष्टींत ओलावा, प्रथिनं आणि बुरशीचं विष. ग्लूटेनची ओळच नव्हती. म्हणजे कागद खरा, पण तो दुसऱ्याच मालाचा. शिक्का मोठा आणि अक्षरं बारीक इंग्रजीत असली की आपण शिक्का पाहून फोन खिशात ठेवतो, यावरच हा धंदा चालतो. पाकिटावरचा चौदा आकडी अन्न परवाना नंबर सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या मसाला उद्योगाचा निघाला. आणि नंबर खरा निघाला असता तरी काय? तो फक्त उत्पादकाची नोंद सांगतो. त्या पाकिटातलं ग्लूटेन कोणी मोजलं आहे, असं तो नंबर सांगत नाही.

पोराला फोन केला. आधी म्हणे वहिनीनं पुरणाला कणकीचा हात लावला असन. मग म्हणे चक्कीवाल्याची चूक. लगद्याचा व्हिडिओ पाठवला तेव्हा सूर बदलला: ‘दादा, पैसे घ्या परत अन् विषय मिटवा, दुकानदार दुकानदाराशी काय भांडते?’ पैसे घेतले नाहीत, कारण सोबत तक्रार नसल्याचं लिहून मागत होता. त्यानंतर नंबर बंद.

आता कामाचं. शिल्लक पाकिटांपैकी दोन आम्ही फोडलीच नव्हती, आणि तीच उपयोगी पडली. फोडलेल्या पाकिटाबद्दल समोरचा सहज म्हणतो, तुम्हीच मिसळलं. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 च्या कलम 40 प्रमाणे साधा ग्राहकसुद्धा फी भरून घेतलेला माल सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. आम्ही अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, ‘पीठ खाऊन जुलाब, याला फसवणूक म्हणता?’ हो, म्हणतो. दुधात पाणी घालणारा पैशाला बुडवतो. हा माणूस आजार माहीत असून, आजारी माणसाचं घर शोधून त्याला विष विकत होता. डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याला झालेली इजा भरायला महिने लागतात.

तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. मागच्या आठवड्यात दारव्ह्याकडून आलेल्या एका ग्राहकानं मोबाइलवर फोटो दाखवला: पाकीट आता पिवळं आहे, नाव वेगळं, कणीस तेच, ओंबीवरची फुली तीच, परवाना नंबर तोच. मी त्याला हा सारखेपणा दाखवून दिला आणि तो फोटो आमच्या अर्जाला जोडायला दिला. हे पाकीट तुमच्याकडं आलं असेल तर फोडू नका, फेकूही नका. पाकीट, कच्चं बिल आणि पैसे कोणाच्या नावावर गेले त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या.