कापलेली स्ट्रिप, कच्चे बिल आणि बाहेर गेलेले प्रिस्क्रिप्शन

माझ्या धाकट्या बहिणीला फिट्सचा त्रास आहे आणि तिच्या गोळ्या अनेक वर्षे एकाच ब्रँडच्या चालू आहेत. ज्या मेडिकलमधून आम्ही त्या घेत होतो, तिथल्या माणसाने "ती गोळी कंपनीने बंद केली आहे, डॉक्टरांशी माझे बोलणे झाले आहे," असे सांगून दुसऱ्याच कंपनीची गोळी हातात ठेवली. दोन्ही गोष्टी धादांत खोट्या होत्या. डॉक्टरांना त्याचा फोन आलाच नव्हता आणि मूळ गोळी इतरत्र सर्रास मिळत होती.

स्ट्रिप अशी कापली होती की बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा दुकानातच राहिला. बिल म्हणून वहीचा फाडलेला कागद मिळाला. त्यावर औषधाचे नाव अर्धवट आणि बहिणीचे आडनाव चुकीचे लिहिलेले होते, सही कोणाचीच नव्हती. भिंतीवर ज्याच्या नावाचे नोंदणी प्रमाणपत्र होते, तो फार्मासिस्ट आम्हाला काउंटरवर कधीच दिसला नाही.

याबाबत कायदा अगदी स्पष्ट आहे. औषधे नियम, 1945 मधील नियम 65 नुसार प्रिस्क्रिप्शनवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावे लागते आणि शेड्यूल एच, एच1 किंवा एक्समधील (म्हणजे केवळ प्रिस्क्रिप्शनवर विकायच्या औषधांच्या याद्यांमधील) औषधाऐवजी परस्पर दुसरे औषध देता येत नाही. अशा औषधाच्या नोंदीत उत्पादकाचे नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असणे बंधनकारक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 या मूळ कायद्याच्या कलम 27(ड) मध्ये अशा उल्लंघनासाठी एक ते दोन वर्षे कैद आणि किमान 20,000 रुपये दंड सांगितला आहे, तर फार्मासिस्ट नसलेल्याने प्रिस्क्रिप्शनवर औषध देणे हा फार्मसी कायदा, 1948 च्या कलम 42 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पण शिक्षा कितीही कडक असली तरी ती पुराव्यावर उभी राहते, आणि बॅच नंबर नसलेली स्ट्रिप व कच्चे बिल देऊन तो पुरावाच ग्राहकाच्या हाती लागू दिला जात नाही.

दुसरी फसवणूक मला अधिक जिव्हारी लागली. प्रिस्क्रिप्शनचा फोटो दुकानदाराने स्वतःच्या व्हॉट्सॲपवर मागवून घेतला होता. त्यानंतर काही दिवसांतच "फिट्स मुळापासून बऱ्या करतो" असे सांगणारे फोन येऊ लागले. बोलणाऱ्याला बहिणीचे वय आणि गोळीची मात्रा ठाऊक होती, आणि तो तिचे आडनाव त्या कच्च्या बिलावरच्या चुकीसकट उच्चारत होता. आडनावाची ती चूक दुसऱ्या कोणत्याही कागदावर नाही. आपल्याकडे या आजाराचे नाव निघाले तरी लोक मुलीकडे वेगळ्या नजरेने पाहतात, त्यामुळे तिची माहिती विकणाऱ्याने तिचे किती नुकसान केले हे पैशांत सांगता येणार नाही.

फिट्स बऱ्या करण्याचा दावा करणारी जाहिरात औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954 खाली निषिद्ध आहे आणि त्या कायद्यात तोंडी केलेली जाहिरातही मोडते, हे फारसे कोणाला माहीत नसते. कराराने मिळालेली वैयक्तिक माहिती नुकसान करण्याच्या हेतूने किंवा तसे होईल हे ठाऊक असताना संमतीविना उघड करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 72अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 टप्प्याटप्प्याने लागू होत असून माहितीच्या सुरक्षिततेत कसूर केल्यास त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा दंड सरकारी तिजोरीत जातो, रुग्णाला त्यातले काही मिळत नाही.

म्हणून फोटो पाठवण्याऐवजी प्रिस्क्रिप्शन प्रत्यक्ष दाखवावे आणि औषध देताना त्यावर दुकानाचे नाव व तारीख लिहून घ्यावी, कारण तसे लिहिणे दुकानदारावर बंधनकारकच आहे. बॅच नंबर दिसत नसलेली स्ट्रिप घेऊ नये आणि पक्क्या बिलाशिवाय काउंटर सोडू नये. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिल्यावर तपासणी झाली आणि त्या दुकानाचा परवाना काही काळ निलंबित झाला. फोनच्या तक्रारीला मी ते कच्चे बिल आणि कॉलच्या नोंदी जोडल्या असून तिची चौकशी पोलिसांकडे चालू आहे.