लायसन्स खरं होतं, पण त्याचं नव्हतं

आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला राहतो. २०२४ च्या उन्हाळ्यात एका बाथरूमच्या कामात आमचे १६,५०० डॉलर बुडाले आणि वर घरावर बोजा चढला तो वेगळाच. इथल्या मराठी मंडळींत घराचं काम निघालं की पहिला प्रश्न असतो, "ओळखीचा कोणी आहे का?" मीही तसाच माणूस शोधला होता. जे झालं ते सगळं लिहिते आहे. लांबेल, पण कुणाला काम द्यायच्या बेतात असाल तर वाचाच.

आईचा उजवा गुडघा बदललेला आहे. साताऱ्याहून ती मे महिन्यात सहा महिन्यांसाठी येणार होती. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये जुना टब होता आणि त्यात उतरायचं म्हणजे पाय चांगला उचलावा लागायचा. तो काढून उंबरठा नसलेला शॉवर करायचा, भिंतीला धरायला दांड्या लावायच्या, एवढंच काम होतं.

मैत्रिणीच्या शेजाऱ्यांकडे एकाने किचनच्या टाइल्स बसवल्या होत्या, त्यांनी नंबर दिला. माणूस हिंदीत बोलायचा, मला दीदी म्हणायचा. मापं घेतली, आईची चौकशी केली आणि २८,६०० डॉलरचा आकडा सांगितला. त्याच्या व्हॅनवर लायसन्स नंबर होता आणि खाली तीन शब्द होते: लायसन्स्ड, बॉण्डेड, इन्शुअर्ड. हे तीन शब्द मी एकच समजत होते. ते तीन वेगळे आहेत, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

मी काहीच तपासलं नाही असं नाही. कॅलिफोर्नियात कंत्राटदारांना लायसन्स देणारं राज्याचं मंडळ आहे, सीएसएलबी. त्यांच्या साइटवर नंबर टाकला की माहिती समोर येते. मी टाकला. 'ॲक्टिव्ह' दिसलं. वर्ग बी, म्हणजे जनरल बिल्डिंग. २५,००० डॉलरचा बॉण्डही होता. मी खूश झाले. धंद्याचं नाव मात्र भलतंच होतं. मी विचारलं तर म्हणाला, "वो पार्टनर का है दीदी, कंपनी एक ही है." मी मान डोलावली. सगळं तिथेच बिघडलं.

त्याच पानावर खाली 'पर्सोनेल'ची यादी असते. त्या लायसन्सवर कोण कोण माणसं आहेत ते त्यात दिसतं. ती मी उघडली असती तर आमच्या माणसाचं नाव त्यात नाही हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं. मालक नसून नुसता काम मिळवायला घरोघरी येणारा असेल, तर त्याचीही वेगळी नोंदणी लागते आणि तीही तिथेच बघता येते. शिवाय लायसन्सधारकाकडे प्लॅस्टिकचं छोटं कार्ड असतं. ते आणि फोटोचं ओळखपत्र शेजारी ठेवून बघायला मागायचं. मागताना अवघडल्यासारखं वाटतं, माहीत आहे. मलाही वाटलं असतं.

आणखी एक ओळ मी वाचून सोडून दिली होती. कामगारांच्या विम्यापुढे 'एक्झेम्प्ट' लिहिलं होतं. याचा अर्थ, आपल्याकडे एकही नोकर नाही असं त्या लायसन्सधारकाने लिहून दिलं आहे. आणि माझ्या घरी पहिल्याच दिवशी तिघं जण हातोडे घेऊन आले. त्यातला कोणी पडला असता, हात कापला असता, तर ते आमच्या गळ्यात आलं असतं. तिसरा शब्द, इन्शुअर्ड, तर इथे बहुतेक कंत्राटदारांना सक्तीचाच नाही. तुमच्या घराचं नुकसान झालं तर भरून देणारा लायबिलिटी विमा त्याने काढला आहे का, हे तुम्हीच विमा कंपनीकडून थेट मागवायचं.

त्याने फोनवर अजून एक कागद दाखवला, शहराचं बिझनेस लायसन्स. तो खरा होता. पण तो आपल्याकडच्या शॉप ॲक्टच्या गुमास्त्यासारखा. या गावात धंदा करतो, त्याचा कर भरतो, एवढंच त्यातून कळतं. टाइल्स बसवता येतात की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. 'लायसन्स आहे' असं कुणी म्हटलं की कुणाचं लायसन्स, शहराचं की राज्याचं, हे विचारा.

आता पैशांचं. आपल्याला विसार द्यायची सवय आहे. गावाकडे घर बांधताना सिमेंट-सळईला निम्मे पैसे आधी दिलेले मी लहानपणापासून बघितले आहेत. त्याने टाइल्स आणि नळांच्या बुकिंगसाठी ९,००० मागितले तेव्हा मला ते वाजवीच वाटलं. कॅलिफोर्नियाचा कायदा असा आहे की घराच्या दुरुस्ती-सुधारणेच्या कामात आगाऊ रक्कम करारातल्या आकड्याच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी कमी असेल तेवढीच घेता येते. म्हणजे माझ्या कामात १,००० च्या वर एक डॉलरही नाही. पुढचे हप्तेसुद्धा झालेल्या कामाच्या आणि घरी येऊन पडलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाहीत. मी ९,००० दिले, झेलवरून (बँकेच्या खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय), त्याच्या वैयक्तिक नावाने. लायसन्सवरचं नाव वेगळं, करारावरचं वेगळं, पैसे गेले ते तिसऱ्याच नावावर.

परमिटबद्दल म्हणाला, "आप ओनर-बिल्डर लेके निकाल लो, सस्ता पडेगा." मी शहराच्या साइटवर बसून माझ्या नावाने परमिट काढलं. त्या अर्जात एक जाहीरनामा असतो, त्याखाली सही केली. त्याचा अर्थ असा की या कामाची कंत्राटदार मीच. काम चुकलं, कुणाला इजा झाली, तर जबाबदारीही माझीच. लायसन्स असलेला माणूस परमिट स्वतःच्या नंबरावर काढतो. तुम्हाला काढायला सांगतो तो माणूस काहीतरी लपवतो आहे, असं मी आता बिनदिक्कत म्हणते.

आई १६ मेला आली. टब निघाला होता, भिंती उघड्या होत्या. ती रोज त्या माणसांना चहा करून द्यायची, एकदा पोहेही केले. त्याने तिला वाकून नमस्कार केला होता. नंतर आई बरेच दिवस तेच म्हणत राहिली, "अगं, पाया पडला होता तो माझ्या."

मेच्या अखेरीस एका सामानाच्या दुकानाकडून सर्टिफाइड टपालाने पत्र आलं, प्रिलिमिनरी नोटीस. त्याला विचारलं तर म्हणाला, सगळ्यांनाच येते, फॉर्मॅलिटी आहे. हे खरंच आहे, ती सर्रास येते आणि नुसत्या नोटिशीने काही बिघडत नाही. पण तिचा अर्थ असा: तुमच्या घरासाठी आम्ही माल दिला आहे, कंत्राटदाराने आमचे पैसे दिले नाहीत तर तुमच्या घरावर हक्क लावू. ही नोटीस आली की पुढचा हप्ता देण्याआधी त्या दुकानाकडून लेखी 'लीन रिलीज', म्हणजे घरावरचा हा हक्क (लीन) सोडल्याचा कागद, मागायचा, किंवा चेक कंत्राटदार आणि दुकान अशा दोघांच्या नावाने काढायचा. मी ती नोटीस फाइलला लावली आणि ७,५०० चा दुसरा हप्ता दिला.

टाइल्स लागल्या, दिसायला छान दिसत होत्या. एका संध्याकाळी मी बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. शहराच्या इन्स्पेक्टरला बोलवायच्या आधीच टाइल्स लावून टाकल्या होत्या. खरं तर टाइल्सच्या आधी शॉवरच्या तळाचं तोंड बुजवून, पाणी भरून चाचणी व्हावी लागते. मी हे बोलले आणि त्या दिवसानंतर तो आला नाही. आधी "आज तबियत ठीक नहीं", मग "कल पक्का", मग फोन बंद. जूनचा शेवटचा आठवडा होता.

जुलैमध्ये मी दुसऱ्या, रीतसर लायसन्स असलेल्या प्लंबरला पैसे देऊन ती चाचणी करून घेतली. त्याने निचऱ्याच्या पाइपात रबरी फुगा घालून फुगवला, पाणी भरलं आणि जिथपर्यंत पाणी आलं तिथे टाइलवर पेन्सिलने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं. तो घराखालच्या पोकळीत रांगत गेला आणि फोनवर फोटो घेऊन आला. लाकडी फळ्यांवर ओल काळी पसरली होती. एका फळीत त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो नुसत्या दाबाने आत गेला.

मग मी बॉण्डकडे वळले. २५,००० चा बॉण्ड आहे, आपले पैसे तिथून मिळतील, अशी माझी खात्री होती. बॉण्ड म्हणजे घराचा विमा नाही. तो जामीन आहे. एक कंपनी कंत्राटदाराला जामीन राहते, त्यासाठी तो वर्षाला थोडासा हप्ता भरतो. त्याने नियम मोडून कुणाचं नुकसान केलं आणि ते सिद्ध झालं, तर कंपनी देते आणि नंतर त्याच्याकडून वसूल करते. ते २५,००० तुमच्या एकट्यासाठी नसतात. त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे, कामगारांचे, मालवाल्यांचे दावे त्याच एका भांड्यातून निघतात. (२०२३ च्या आधी ही रक्कम १५,००० होती.) आणि माझ्या बाबतीत तर तिथवर पोचायची वेळच आली नाही. जामीन कंपनीने लायसन्सधारकाला विचारलं, त्याने सांगितलं की हा करार माझा नाही, या बाईला मी ओळखत नाही. करारावर त्याची सही नव्हती, पैसे त्याला गेले नव्हते. कंपनीने दावा नाकारला. ज्याच्यासाठी ती जामीन होती तो माणूस माझा कंत्राटदार नव्हताच. त्याने नंबर भाड्याने दिला होता की चोरला गेला होता, हे मला अजूनही समजलेलं नाही.

ऑगस्टमध्ये दुकानाने आमच्या घरावर लीन नोंदवला, ३,८७० डॉलरचा. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो ना, तसंच. घर विकायला किंवा कर्ज बदलायला गेलं की आडवा येतो. आम्ही त्या मालाचे पैसे कंत्राटदाराला दिले होते, तरी कायद्याने दुकानाचा हक्क उरतो. नोंदवल्यापासून ९० दिवसांत त्यांनी खटला भरला नाही तर तो लागू करता येत नाही, पण ते भरणार हे दिसत होतं. आम्ही दुसऱ्यांदा पैसे भरले आणि लीन सोडल्याचा कागद काउंटीत नोंदवून घेतला. दुकानदाराची यात चूक नव्हती, त्याचेही पैसे बुडालेच होते.

सीएसएलबीकडे तक्रार केली. बिगरलायसन्स काम घेणं इथे गुन्हा आहे. तिथून फोन आला, करार, झेलच्या पावत्या, फोटो, मेसेज सगळं मागवलं. ज्यांच्याकडे मेसेज आहेत त्यांनी ते पुसू नका, माझी अर्धी केस त्यावर उभी राहिली. एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: कॅलिफोर्नियात लायसन्स नसलेल्या कंत्राटदाराला कामाचे पैसे मागायला कोर्टात जाता येत नाही, आणि त्याला दिलेले सगळे पैसे परत मागायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, काम चांगलं झालेलं असलं तरीही. हा दावा एका वर्षाच्या आत करावा लागतो. मी स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, गेले. तिथे वकील लागत नाही, पण मर्यादा १२,५०० ची. तेवढ्यावर निकाल माझ्या बाजूने झाला. हे लिहीपर्यंत हातात आले आहेत १,४०० डॉलर.

दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्यांनी माझे आकडे तसेच्या तसे धरू नका. टेक्सासमध्ये इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरला राज्याचं लायसन्स लागतं, पण जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्सच नाही, शहराचे नियम बघावे लागतात. न्यू जर्सीत घराच्या दुरुस्ती-सुधारणेच्या कंत्राटदाराची नोंदणी ग्राहक व्यवहार विभागाकडे असते. एडिसनच्या माझ्या मावसबहिणीने तिच्या माणसाचा नंबर परवा तिथे शोधला आणि करारावरचं नाव जुळवून बघितलं. नाव जुळलं.

ऑक्टोबरमध्ये आम्ही नवीन माणूस घेतला. त्याने स्वतःहून कार्ड पुढे केलं, परमिट त्याच्या नंबरावर काढलं आणि करारात पहिला हप्ता बरोबर १,००० लिहिला. चेक मी लायसन्सवरच्या नावाने काढला. नव्या फळ्या, नवा तळ, पुन्हा पाणी भरून ठेवलं, इन्स्पेक्टर बघून गेला.

या सगळ्यात आई सहा महिने जिना चढून वरच्या बाथरूममध्ये जात होती. मी टबात प्लॅस्टिकचं स्टूल ठेवायचे, तिला दोन्ही हातांनी धरून आत घ्यायचे आणि ती बादलीने आंघोळ करायची. ती १४ नोव्हेंबरला परत गेली. खालचा शॉवर २ डिसेंबरला पूर्ण झाला.