मेट्स की यँकीज: पाचव्या इनिंगनंतर काय?

न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्याने बेसबॉल नेमाने बघायचं ठरवलं की गाडी अडते ती संघापाशी: न्यूयॉर्कचे दोन संघ, मेट्स आणि यँकीज, यांतला कुठला घ्यायचा? न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून दोन्ही मैदानं सारखीच सोयीची आहेत, तेव्हा प्रवासाचा प्रश्न नाही. यँकीजची 27 विजेतेपदं विरुद्ध मेट्सची 2 हा हिशोबही बाजूला ठेवू, कारण जुन्या चषकांवर यंदाचा उन्हाळा निघत नाही. बघायचं ते हिवाळ्यातल्या खरेदीकडे.

डिसेंबर 2024 मध्ये दोघांची चांगलीच परीक्षा झाली. फटकेबाज हुआन सोटोसाठी यँकीजनी 16 वर्षांचे 76 कोटी डॉलर देऊ केले, मेट्सनी 15 वर्षांचे 76.5 कोटी देऊन त्याला नेलं. हात रिकामे राहिल्यावर यँकीजनी तो पैसा वाटून टाकला. पिचर (चेंडू टाकणारा) मॅक्स फ्रीडला 8 वर्षांसाठी 21.8 कोटी, पॉल गोल्डश्मिटला एका वर्षासाठी 1.25 कोटी, शिवाय अदलाबदलीत फलंदाज कोडी बेलिंजर आणि पिचर डेव्हिन विल्यम्स. विल्यम्स फसला, बाकी तिघे कामी आले.

सोटोने 2025 मध्ये 43 होम रन (मैदानाबाहेर फटके) मारले आणि 38 बेस (धावेचे टप्पे) चोरले. त्याच्याकडून आणखी काय मागणार? तरीही 45-24 (विजय-पराभव) अशा झोकात असलेले मेट्स 83-79 वर घसरून प्लेऑफबाहेर (बादफेरीबाहेर) राहिले. यँकीज 94-68.

बाकी खूप काही चालवून घेता येतं, पण नऊपैकी पाचव्या इनिंगलाच (डावालाच) बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचरांचं, दार उघडताना बघणं फार जाचतं. मेट्सकडे तो रोजचा कार्यक्रम झाला होता. मोसमाच्या 162 सामन्यांत स्टार्टरने (सामना सुरू करणाऱ्या पिचरने) सरासरी एक इनिंग कमी टाकली, तर बुलपेनवर 162 इनिंग्जचा बोजा वाढतो. एक रिलीव्हर (बुलपेनमधला पिचर) वर्षाला साधारण 60-65 टाकतो, म्हणजे हे अडीच माणसांचं जादा काम. पण 26 जणांच्या संघात पिचर 13 च ठेवता येतात. मग दमलेल्याला सिरॅक्यूजला, मेट्सच्या दुय्यम संघाकडे, पाठवायचं आणि तिथून ताज्या दमाचा आणायचा. खाली पाठवलेला पिचर, कुणी जखमी झाल्याशिवाय, 15 दिवस परत येत नाही, आणि ज्याला खाली पाठवण्याची सोय उरलेली नाही त्याच्यावर थेट पाणी सोडावं लागतं. या रहाटगाडग्यात मेट्सनी त्या वर्षी 46 पिचर वापरले.

याचं मूळ खरेदीतच होतं. स्टार्टर फ्रँकी मॉन्टासला 2 वर्षांचे 3.4 कोटी दिले, शॉन मनाइयाला 3 वर्षांचे 7.5 कोटी. दोघेही मोसमाआधीच दुखावले. यँकीजचा जुना क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा) क्ले होम्स घेतला आणि त्याला स्टार्टर केलं. 2024 मध्ये त्याने 63 इनिंग्ज टाकल्या होत्या, 2025 मध्ये 165. त्याने काम चोख केलं, पण अशा खांद्याकडून रोज सातवी इनिंग मागता येत नाही. यँकीजचंही नशीब काही उजळ नव्हतं: त्यांचा मुख्य पिचर गेरिट कोल वर्षभर बाहेर. पण फ्रीड आणि कार्लोस रोडॉन, दोघांनीही 195 च्या वर इनिंग्ज टाकल्या. या दोन खांबांनी बाकीचा मांडव तोलून धरला.

आता 2025-26 चा हिवाळा. मेट्सनी अख्खं घरच उलथलं. पीट अलोन्सो बाल्टिमोरला, क्लोजर एडविन डियाझ डॉजर्सकडे, ब्रँडन निमोच्या बदल्यात मार्कस सेमियन, आणि गंमत म्हणजे क्लोजर म्हणून तोच डेव्हिन विल्यम्स. बो बिशेटला 3 वर्षांचे 12.6 कोटी. बॅट उत्तम, पण माणूस शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागेचा) आणि घेतला थर्ड बेससाठी. फर्स्ट बेससाठी आणलेला होर्हे पोलांको मेजर लीगमध्ये त्याआधी तिथे उभा राहिला होता तो एका पिचपुरता (एका चेंडूपुरता). ‘धावा रोखू’ म्हणणाऱ्या संघाने कोपऱ्यांवर (फर्स्ट आणि थर्ड बेसवर) नवशिके ठेवावेत, हे जरा कोड्यातच टाकतं. जमूनही जाईल. पण फर्स्ट बेसवर पाय टेकवून, अंग ताणून वाकडा थ्रो झेलणं सरावानेच येतं, आणि इथे तो सराव भर मोसमात होणार. एक सौदा मात्र नेमका दुखऱ्या जागी बसलाय: पिचर फ्रेडी पेराल्टा. 2025 मध्ये त्याच्या 176 इनिंग्ज, ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा) 2.70.

यँकीजनी बेलिंजरला 5 वर्षांच्या 16.25 कोटींवर राखलं, ट्रेंट ग्रिशमला ठेवलं आणि जवळपास तोच संघ पुन्हा मांडला. यावर नाकं मुरडणारे खूप आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. शॉर्टस्टॉप अँथनी व्होल्पीच्या 2025 मधल्या झेलण्या-फेकण्यातल्या 19 चुका कुणी विसरलेलं नाही. त्या हिवाळ्यात कोल, रोडॉन आणि श्मिट हे तिन्ही पिचर शस्त्रक्रियेतून सावरत होते, त्यामुळे 2026 चा एप्रिल-मे मुख्यतः फ्रीड, श्लिटलर आणि वॉरन या पिचरांना ओढायचा होता. पण इथली तूट तारखेची आहे, दुखणं बरं झालं की माणूस परत येतो. मेट्सची तूट माणसांची होती, ती निम्मीच भरलीय.

रोज नवा चेहरा, मोठी उलथापालथ आवडत असेल तर मेट्स घ्या, कंटाळा येणार नाही. संध्याकाळी सात वाजता टीव्ही लावून नऊपर्यंत एकाच पिचरचं काम बघायला आवडत असेल, तर माझ्या मते ब्राँक्सची (यँकीजच्या मैदानाची) गाडी बरी. घाई नसेल तर एप्रिलचे पहिले 15 सामने दोघांचेही बघा आणि वहीत एवढंच लिहा: सहाव्या इनिंगला टेकडीवर (पिचरच्या जागी) कोण होतं. पेराल्टाचा करार 2026 च्या मोसमानंतर संपतो, तेव्हा मेट्सच्या रकान्यात त्याचे दिवस वगळून मोजा.