दूरसंचार नियामकांसाठी पाच दिवसांचे प्रशिक्षण : एक परीक्षण

एकाच सरकारी कंपनीच्या मक्तेदारीतून तीन-चार मोबाइल कंपन्यांच्या स्पर्धेत आलेल्या विकसनशील देशांतील नियामक अधिकाऱ्यांसाठी घेतलेल्या पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला मी नुकतीच हजेरी लावली. मी नियामक संस्थेच्या अर्थशास्त्र विभागात काम करते आणि दोन कंपन्यांमधील आंतरजोडणीच्या, म्हणजे एकमेकींचे नेटवर्क जोडून कॉल पोहोचवण्याच्या, वादाची फाइल टेबलावर असतानाच हे निमंत्रण आले. त्यामुळे तिथे शिकवलेली प्रत्येक गोष्ट मी त्या फाइलला लावून पाहिली, आणि हे परीक्षणही त्याच अंगाने लिहिले आहे.

पहिला दिवस कायद्याच्या चौकटीचा होता. जागतिक व्यापार संघटनेचा मूलभूत दूरसंचार सेवांचा करार ५ फेब्रुवारी १९९८ रोजी अमलात आला. त्यासोबतच्या संदर्भपत्रातील तत्त्वे, म्हणजे स्पर्धाविरोधी वर्तनाला आळा, आंतरजोडणी, सार्वत्रिक सेवा, परवान्याच्या निकषांची पारदर्शकता, नियामकाचे स्वातंत्र्य आणि स्पेक्ट्रमसारख्या (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांसारख्या) मर्यादित साधनांचे वाटप, नीट समजावून सांगितली गेली. नव्याने रुजू झालेल्यांना याचा उपयोग होईल. ज्यांनी दोन-तीन वर्षे काम केले आहे त्यांना हा दिवस संथ वाटेल.

दुसऱ्या दिवशीच्या एका तासासाठी मात्र मी पुन्हा एवढा प्रवास करीन. विषय होता टर्मिनेशन शुल्क, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा कॉल आपल्या ग्राहकापर्यंत पोहोचवल्याबद्दल घेतले जाणारे शुल्क. प्रशिक्षिकेने फळ्यावर शंभर ग्राहक मांडले : ८० मोठ्या कंपनीचे, २० छोट्या कंपनीचे. प्रत्येकाने शंभरांपैकी कुणालाही एक कॉल केला असे धरले, तर छोट्या कंपनीच्या २० कॉलपैकी १६ बाहेर जातात आणि मोठ्या कंपनीच्या ८० कॉलपैकीही १६च बाहेर जातात. दोन्हीकडून १६ कॉल, म्हणजे शुल्क कितीही ठेवले तरी हिशेब फिटतो. माझ्या फाइलमधल्या मोठ्या कंपनीचा युक्तिवाद नेमका हाच होता, आणि त्याला उत्तर काय द्यावे हे आम्हाला महिनाभर सुचले नव्हते. पुढे प्रशिक्षिकेने विचारले, ग्राहकाला काय दिसते? मोठ्या कंपनीच्या ग्राहकाचा पाचांतला एकच कॉल बाहेर जातो आणि उरलेले चार कंपनी जवळपास फुकट देऊ शकते. छोट्या कंपनीच्या ग्राहकाचे पाचांतले चार कॉल बाहेर जातात आणि त्यांचा दर शुल्कापेक्षा खाली आणणे तिला परवडत नाही. तिने तोटा सोसून दर उतरवलाच, तर तिचे बाहेर जाणारे कॉल वाढतात आणि फिटलेला हिशेब तिच्या अंगावर येतो. नवे सिमकार्ड घेणारा माणूस मग मोठ्या कंपनीकडेच वळतो. एवढी गुंतागुंत खडूच्या चार रेघांत उलगडणारी शिक्षिका मी फार क्वचित पाहिली आहे.

तिसऱ्या दिवशी खर्चाचे प्रतिमान, म्हणजे कॉल पोहोचवायला कंपनीला मिनिटामागे किती खर्च येतो हे काढण्याचा तक्ता, तयार करायला शिकवले. नेटवर्कची क्षमता सर्वाधिक गर्दीच्या तासाला पुरेल अशी उभारावी लागते. त्यामुळे दिवसाच्या एकूण रहदारीपैकी किती वाटा त्या तासात येतो, यावर मिनिटामागचा खर्च मोठ्या प्रमाणात ठरतो. आम्हाला तक्त्यातील तो एक आकडा आणि भांडवलावरील परताव्याचा दर बदलायला लावले, आणि शुल्क दर वेळी वेगळे निघताना आम्ही पाहिले. उत्तर गृहीतकांवर किती अवलंबून असते, हे हाताने करून पाहिल्यावरच मनावर ठसते. या सत्राबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की तक्ता आधीच भरलेला होता. प्रत्यक्षात कंपनी मोबाइल, इंटरनेट आणि टॉवरभाड्याचे हिशेब वेगळे देत नाही, वर्षानुवर्षे ‘माहिती संकलित होत आहे’ असे कळवत राहते, आणि त्या अवस्थेत नियामकाने काय करावे याला इथे पुरेसा वेळ दिला गेला नाही.

चौथ्या दिवशीच्या अभिरूप सुनावणीने ती उणीव बरीच भरून काढली. आम्ही नियामक, मोठी कंपनी, नवी कंपनी आणि ग्राहक संघटना अशा चार गटांत बसलो. आधाराला दक्षिण आफ्रिकेचे प्रकरण होते : तिथल्या नियामकाने २०१४ मध्ये टर्मिनेशन शुल्क ४० सेंटवरून २० सेंटवर आणले, मोठ्या कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि न्यायालयाने ते नियम बेकायदेशीर ठरवूनही आपला आदेश सहा महिने स्थगित ठेवला, जेणेकरून नियामकाला ते नव्याने करता यावेत. हेतू चांगला असला तरी नेमका तोच आकडा कुठून आला हे कागदावर दाखवता आले पाहिजे, ही गोष्ट त्या दिवशी माझ्या मनात पक्की झाली. आमच्या गटाने दिलेला निर्णय मोठ्या कंपनीच्या बाजूने बसलेल्या सहकाऱ्यांनी दहा मिनिटांत खिळखिळा केला, कारण आक्षेपांना आम्ही लेखी उत्तर दिलेले नव्हते.

मोबाइल पैशांच्या, म्हणजे मोबाइल कंपनीकडच्या खात्यातून फोनवरूनच पैसे पाठवण्याच्या, विषयावर मात्र पाचव्या दिवशी जेमतेम एक तास मिळाला, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते. आफ्रिकेतील सहभागींसाठी स्पर्धेचा सर्वांत तातडीचा प्रश्न हाच आहे. केनियात एम-पेसा ही अशीच सेवा २००७ मध्ये सुरू झाली आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ मध्ये आली. पण नंबर नव्या कंपनीकडे नेता आला तरी जुन्या कंपनीकडचे पैशांचे खाते त्याच्याबरोबर जात नाही, मग त्या सोयीचा कितीसा उपयोग? या खात्यांत रोख भरून घेणाऱ्या आणि काढून देणाऱ्या एजंटांना एकाच कंपनीशी बांधून ठेवण्याची अट तिथे २०१४ मध्ये हटली, तीही स्पर्धा प्राधिकरणाच्या हस्तक्षेपाने. दूरसंचार नियामक, मध्यवर्ती बँक आणि स्पर्धा प्राधिकरण यांच्यात अधिकार कसे वाटावेत, यावर पूर्ण दिवस द्यायला हवा होता. त्याऐवजी स्पर्धा तपासताना बाजारपेठेची हद्द कशी आखावी, या युरोपातील पद्धतीवर एक लांबलचक व्याख्यान झाले. ती पद्धत राबवायला जेवढे अर्थतज्ज्ञ लागतात तेवढा आमच्यापैकी अनेकांच्या संस्थेतला एकूण कर्मचारीवर्गही नाही.

प्रशिक्षणानंतर सहा महिने शंकांना उत्तरे मिळतील असे आश्वासन होते. मी दोन पत्रे पाठवली आणि एकालाही उत्तर आले नाही. आयोजकांनी ही सोय द्यायची नसेल तर माहितीपत्रकातून काढून टाकावी.

तरीही आंतरजोडणीचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे प्रशिक्षण सुचवीन, मात्र दोघांनी मिळून जावे : एक अर्थतज्ज्ञ आणि एक कायदा जाणणारा. जाताना आपल्याकडच्या कंपन्यांना पाठवलेल्या माहिती मागणीच्या नोटिशीची प्रत सोबत न्यावी. माझी नोटीस शेवटच्या संध्याकाळी प्रशिक्षिकेने वाचली आणि ‘आवश्यक ती माहिती सादर करावी’ या वाक्यावर काट मारून त्याजागी कोणते तक्ते, कोणत्या वर्षाचे, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या कलमाखाली, हे चार तपशील लिहायला लावले. परत आल्यावर तीच नोटीस मी पुन्हा पाठवली, आणि या वेळी तक्ते आले.