कोयासान: ताईच्या घरून मंदिराच्या मुक्कामी

ओसाकाला ताईकडे चार दिवस राहून आम्ही भावजींच्या गाडीने, आईला घेऊन, कोयासानला एका मंदिरात मुक्कामाला गेलो. जपानी बौद्ध धर्मातील शिंगोन पंथाचे हे क्षेत्र भिक्षू कूकाई यांनी 816 मध्ये सुमारे 800 मीटर उंचीवर वसवले आणि तेथील पन्नासेक मंदिरे आजही यात्रेकरूंची राहण्याची सोय करतात. शेवटचा घाट वळणावळणाचा असल्याने गाडी लागणाऱ्यांनी आधीच गोळी घ्यावी.

शाकाहारी माणसाला जपानमध्ये माशाच्या अर्काची धास्ती सतत असते. येथे मात्र रस्सा समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या अळंब्यांचा असतो, आणि कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आई प्रथमच निर्धास्तपणे जेवली. तीळ आणि कुडझू नावाच्या वेलीच्या कंदाचे सत्त्व घोटून केलेली वडी खरवसाइतकी मऊ होती. वर चिमूटभर वसाबी, बाजूला सोया सॉस.

पहाटेच्या गोमा विधीत अग्नीत समिधा पडू लागल्या आणि आईने आपसूक हात जोडले. गोमा हा शब्द आपल्या ‘होम’ या शब्दावरूनच तेथे पोहोचला आहे, हे तिला नंतर सांगितले.

उणीव एकच, पण ज्येष्ठांसाठी मोठी: आमच्या मंदिरात जेवणाला खुर्ची नव्हती, आणि स्नानगृह लांबच्या, गारठलेल्या ओसरीपलीकडे होते. गुडघेदुखी असल्यास आरक्षण करतानाच खुर्चीची आणि जवळच्या खोलीची विनंती करावी. ओकुनोइन या तेथील जुन्या दफनभूमीच्या देवदारांतून जाणारी सुमारे दोन किलोमीटरची वाट मात्र आईने, थांबत थांबत, पूर्ण चालली.