चरबीची गाठ ‘वितळवणारं’ इंजेक्शन: कुणी घ्यावं, कुणी टाळावं

मुंबईतल्या त्वचा क्लिनिकांत लायपोमासाठी, म्हणजे कातडीखालच्या चरबीच्या गाठीसाठी, दोन अगदी वेगळी औषधं टोचतात आणि दोन्हींना सरसकट ‘वितळवायचं इंजेक्शन’ म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. मूळचा पित्तातला घटक. चरबीच्या पेशीचं आवरण फोडतो. अमेरिकेत त्याला २०१५ साली मंजुरी मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम या तीव्रतेत. गाठीवरचा वापर त्या मंजुरीबाहेरचा, आणि संमतिपत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. दुसरं ट्रायमसिनोलोन, म्हणजे स्टिरॉइड. लिग्नोकेन या भुलीच्या औषधात मिसळून गाठीच्या मधोमध देतात, तेही साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींना. याने खळगा पडू शकतो, सावळ्या कातडीवर पांढरट डाग उठतो, मधुमेह्यांची साखर काही दिवस चढू शकते.

सगळी मदार डॉक्टरच्या हातावर. गाठ चिमटीत धरून सुई थेट चरबीत उतरली पाहिजे. डीऑक्सिकोलिक वर कातडीतच सुटलं तर त्वचा मरते, जखम होते. बरोबर दिलं तरी सूज, ठणका, बधिरपणा ठरलेलाच. गाठ पाठीवर असेल तर पहिले काही दिवस गर्दीची लोकल नकोशी वाटेल. एका बैठकीत क्वचितच भागतं, आणि पुढची बैठक साधारण महिनाभराने. शिवाय गाठीभोवतीची पिशवी जागेवरच राहते, म्हणून गाठ पुन्हा भरू शकते.

आमच्या मते मोठी उणीव वेगळीच आहे: विरघळलेली गाठ तपासणीला पाठवता येत नाही. म्हणून आधी सोनोग्राफी हवीच. पाच सेंटिमीटरहून मोठी, भराभर वाढणारी, टणक किंवा खोलवरची गाठ असेल तर सुई नको. आधी एमआरआय आणि गरज पडल्यास तुकड्याची तपासणी, कारण लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा कर्करोग, सुरुवातीला साध्या गाठीसारखाच भासू शकतो.

हातावरच्या एक-दीड सेंटिमीटरच्या दोन-चार गाठी आणि वण नको, एवढ्यासाठी उपचार ठीक. पाठीवर एकच ठसठशीत गाठ असेल तर केईएम, सायन किंवा नायरची सर्जरी ओपीडी गाठा. जागेवर भूल देऊन गाठ पिशवीसकट निघते, पॅथॉलॉजीलाही जाते. टाके पडतील, पण काम बहुधा एकाच फेरीत उरकतं.

क्लिनिकच ठरवलं असेल तर व्हायल, म्हणजे औषधाची कुपी, डोळ्यांसमोर उघडायला सांगा. औषधाचं नाव, तीव्रता, मुदत वाचा. आधीच भरून ठेवलेली, नाव नसलेली सिरिंज समोर आली तर खुर्चीवरून उठा.