नॉन-कोरोसिव्ह म्हणून गळ्यात मारलेली जुनी थ्री-नॉट-थ्री काडतुसे

टेक्सासमधील एका शस्त्रप्रदर्शनात मी माझ्या ली-एनफिल्ड रायफलीसाठी जुनी लष्करी काडतुसे विकत घेतली. ती नॉन-कोरोसिव्ह आहेत, म्हणजे त्यांच्यामुळे नळी गंजत नाही, असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले आणि नव्या पांढऱ्या खोक्यांवर तसे छापलेलेही होते. काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ अक्षरे होती. हा पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याचा ठसा. ‘तुमच्याच देशातला माल आहे,’ असे म्हणून त्याने माझा विश्वास आणखी पक्का केला.

घरी भिंगाखाली ठसे वाचताना पहिली शंका आली. एकाच खोक्यात १९४० आणि १९५० या दोन्ही दशकांतील वेगवेगळ्या वर्षांची काडतुसे होती. काहींवर नुसता ‘७’, म्हणजे आत कॉर्डाइट ही दोऱ्यांसारखी जुनी दारू, तर काहींवर ‘७ झेड’, म्हणजे नायट्रोसेल्युलोजची दारू. कारखान्याने बंद केलेल्या पेटीत अशी सरमिसळ नसते. पितळ मात्र सोन्यासारखे लखलखत होते, आणि सत्तर वर्षांच्या पितळावर अशी चकाकी दिसली की ती कुणीतरी मुद्दाम आणलेली असते. हिरवा गंज घासून काढला होता, पण काही काडतुसांच्या मानेवरील केसासारख्या बारीक चिरा झाकता आल्या नव्हत्या.

मग मी प्रायमरची, म्हणजे काडतुसाच्या बुडातील दारू पेटवणाऱ्या टोपीची, परीक्षा घेतली. काही काडतुसांमधील गोळी व दारू पूर्णपणे काढून टाकली, उरलेला प्रायमर शूटिंग रेंजवर रायफलीतून घासलेल्या पोलादी पट्टीवर उडवला आणि शेजारी आधुनिक काडतुसाच्या प्रायमरने तशीच दुसरी पट्टी तयार करून दोन्ही दमट जागी ठेवल्या. आधुनिक प्रायमरची पट्टी स्वच्छ राहिली. खडकीच्या काडतुसांची तांबूस गंजाने भरली. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत उरतो आणि मिठाप्रमाणे हवेतील ओल ओढून घेतो. तेलाने तो निघत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून अशी काडतुसे वापरणाऱ्याने त्याच दिवशी नळी व बोल्टचे (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याचे) तोंड गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच तेल लावले पाहिजे. मी परीक्षेनंतर लगेच तसे केले. खोक्यावरील छापील शब्दांवर विसंबलेला माणूस हे करणारच नाही, आणि काही दिवसांत त्याच्या नळीत खड्डे पडतील. माझा राग त्यासाठी आहे. कोरोसिव्ह माल तसे सांगून विकला असता, तर माझी काहीच तक्रार नव्हती.

गंजाहून मोठा धोका जिवाचा आहे. मानेला चीर गेलेले किंवा गोळी सैल झालेले काडतूस रायफलीत भरूच नये. घोडा दाबूनही बार झाला नाही, तर नळी निशाण्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे, कारण जुना प्रायमर उशिरा पेट घेऊ शकतो. आवाज क्षीण आला, तर पुढचे काडतूस भरण्याआधी रायफल रिकामी करून नळीत गोळी अडकली आहे का ते पाहावे.

विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. लष्करी शिलकी माल आहे त्या स्थितीत विकला जातो, एवढेच त्याचे उत्तर होते. पावतीवर मात्र ‘नॉन-कोरोसिव्ह’ असे त्यानेच लिहिलेले असल्यामुळे, पट्ट्यांच्या छायाचित्रांसह मी प्रदर्शनाच्या आयोजकांकडे लेखी तक्रार दिली आहे. निर्मात्याचे नाव किंवा लॉट क्रमांक नसलेली नवी पांढरी खोकी आणि त्यांत चकचकीत ‘केएफ’ काडतुसे कोणी दाखवली, तर पैसे देण्यापूर्वी खोके रिकामे करून प्रत्येक बुडावरचे साल वाचा.